शीघ्रा नदीचा आकार

एका राज्यात एक नदी होती, आणि ती वाहत नव्हती.

नेहमीच असे नव्हते. शीघ्रा तिचे नाव, आणि नावासारखीच तिची चाल. डोंगरातून उड्या घेत यायची, राजवाड्याच्या पायऱ्यांना अंग घासून वळायची आणि पुढच्या मुलखात निघून जायची. पण एका पावसाळ्यात राजा महीपालाची राणी होडी उलटून बुडाली, आणि शोकाने राजाची मती फिरली. त्याने कृष्णकेतू नावाच्या मांत्रिकाला बोलावले.

"ही नदी थांबव," राजा म्हणाला.

"थांबवतो. पण नदी एकटी थांबत नाही, महाराज."

"तरी थांबव."

मांत्रिकाने ओंजळभर राख पाण्यात टाकली. शीघ्रा जागच्या जागी थांबली. उठलेली लाट उठलेलीच राहिली. त्याच घडीला वारा पडला आणि देवळावरचे निशाण काठीला लोंबून राहिले. चुलीचा धूर खांबासारखा सरळ वर जाऊ लागला. खळ्यावर उफणणी होईना, म्हणून लोक दाणे हातांनी निवडू लागले. विहिरीतले पाणी विळ्याने कापून हंड्यात भरावे लागे. तोंडात गेल्यावरच ते ओले होई. गवयांच्या ताना तुटल्या. ओताऱ्याच्या मुशीत पितळ वितळे, पण मूस कलंडली तरी रस बाहेर येत नसे. नाचणाऱ्या मुली एका मुद्रेतून दुसऱ्या मुद्रेत जात, आणि मधले काही कुणाला दिसत नसे.

हे पाहून राजा भानावर आला. "नदी सोड," तो म्हणाला.

"बांधण्याचा मंत्र माझा आहे. सोडण्याचा माझ्याजवळ नाही," मांत्रिक म्हणाला. "या राज्यातल्या कुणी आपल्या हातांनी असा आकार घडवावा, की तो पाहून नदीला आपले वाहणे आठवेल. त्या दिवशी ती आपोआप सुटेल." एवढे बोलून कृष्णकेतू निघून गेला. नदीचा ओघ त्याने आपल्या गुहेत नेऊन ठेवला, आणि त्याच साली तो मेला.

नदी थांबली त्या वेळी भीवा नावाडी पाण्याच्या मध्यावर होता. तो आपल्या होडीतून घाटाकडे येत होता, आणि घाटावर त्याची मुलगी सुवेला उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर वल्हे पाण्यात अडकले, आणि वल्ह्याबरोबर बापही. तो मेला नाही, म्हातारा झाला नाही, हलला नाही. नुसता उभा राहिला.

सुवेलेची आई सरसा रोज सकाळी त्या थिजलेल्या पाण्यावरून चालत होडीपाशी जाई. नवऱ्याच्या तोंडावरची धूळ पुसे, त्याचे केस विंचरे, घरातले चारदोन शब्द त्याच्या कानात सांगे आणि परत येई. लहानपणी सुवेलाही तिच्याबरोबर जाई. बापाच्या गुडघ्याला टेकून बसे. मग ती त्याच्या कमरेला लागली, मग खांद्याला. मोठी झाली तेव्हा तिने हाती छिन्नी घेतली, आणि राज्यातल्या देवळांत तिने घडवलेल्या मूर्ती बसू लागल्या. सगळ्या मूर्ती सरळ उभ्या होत्या, कारण दुसरे काही पाहायलाच मिळत नव्हते.

एके दिवशी बापाचे तोंड पुसताना तिच्या ध्यानात आले, की आता आपण त्याच्याहून वयाने मोठ्या झालो आहोत. त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या आणि तिच्या कानामागे एक केस पांढरा झाला होता. त्या दिवसानंतर ती पाण्यावर गेली नाही. पुढे आई वारली. तिच्या मागे होडीकडे जाणारे कुणी उरले नाही. सुवेलेने घराची नदीकडची खिडकी विटांनी बुजवून टाकली.

संध्याकाळी घाटावर म्हातारी माणसे बसत आणि नातवंडांना जुन्या गोष्टी सांगत. "लाट म्हणजे काय?" मुले विचारत. म्हातारे हात वर नेत, खाली आणत, पुन्हा वर नेत, आणि मग हात मांडीवर ठेवत. सुवेला लांबून ते हात बघत असे. तिला लाट आठवे. पायाला गार लागून मागे सरणारी वाळू आठवे. पण छिन्नी उचलली, की आठवण दगडापर्यंत पोचायच्या आत सरळ होऊन जाई.

दर वर्षी राजा शिल्पकारांना घाटावर बोलावी. कुणी साप घडवून आणी, कुणी मासा, कुणी वाऱ्यावर लवलेले ऊस. नदी ढिम्म हलत नसे. मग एका वर्षी नवेच संकट उभे राहिले. पाणी दगडाचे होऊ लागले. आधी काठ दगडाचे झाले, मग विहिरींचे तळ. एक कोळी होडीपाशी जाऊन आला आणि सुवेलेच्या दारात उभा राहिला.

"बाई, भीवा नावाड्याचे पाय घोट्यापर्यंत दगडाचे झालेत," तो म्हणाला. "पाण्याबरोबर तोही चाललाय."

त्याच दिवशी सुवेला राजवाड्यात गेली. राजा महीपाल आता फार थकला होता.

"महाराज, मला एकदा करून पाहू द्या."

"तू आजवर कधी आली नाहीस."

"आजवर मला भीती वाटत होती."

"आणि आता?"

"आताही वाटते. पण वेळ उरला नाही."

राजाने मान हलवली. सुवेलेने छिन्नी घरीच ठेवली. दगड घडवायला सवड नव्हती. तिने ताडपत्राच्या डबीत मधमाश्यांचे मेण भरले आणि ती घाटावर येऊन बसली. आकार करायचा तर आधी तो डोळ्यांनी पाहायला हवा, आणि ज्या राज्यात काहीच वाहत नाही तिथे वाहणे पाहायचे कुठे, हे तिला कळेना.

घाटावरच्या उंबराच्या फांदीवर एक खंड्या बसला होता. त्याची निळाई विटली होती. नदी थांबल्यापासून त्याने पाण्यात सूर मारला नव्हता.

"सुवेले," खंड्या म्हणाला, "वाहणे या राज्यातून गेलेले नाही. ते तीन ठिकाणी दडून बसले आहे. दोन ठिकाणे मी तुला दाखवीन. तिसरे तुझे तूच पाहा."

"पहिले कुठे आहे?"

"बोडक्या डोंगरावर. तिथे वावधाणी राक्षशीण राहते. वारा पडला तेव्हा त्यातली शेवटची झुळूक तिच्या केसांत शिरली. ती अजून तिथेच आहे."

खंड्या पुढे आणि सुवेला मागे, अशी दोघे निघाली. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत केसच केस पसरले होते, आणि ते हलत होते. सुवेला खाली बसून बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिने वाऱ्यावर काही हलताना पाहिले नव्हते. तिला रडू आले, पण थांबलेल्या राज्यात आसवेही गालांवरून ओघळत नसत. ती डोळ्यांच्या कडेला मण्यांसारखी उभी राहिली.

माथ्यावरून राक्षशीण म्हणाली, "वारा चोरायला आलीस?"

"नाही. तो कसा दिसतो, ते पाहायला आले."

"येतात ते सगळे मागायला येतात."

"मला फक्त पाहायचे आहे."

राक्षशिणीने एक बट तिच्यापुढे टाकली. मग म्हणाली, "मग माझे केस विंचर. गुंता झाला आहे, आणि मला हात पुरत नाहीत. एक केसही तुटता कामा नये."

सुवेलेने पायथ्याशी विंचरायला सुरुवात केली. आरंभी तिने केस ओढून पाहिले, तेव्हा एका बटेने तिला उचलून लांब फेकले. ती परत आली. या खेपेला तिने आधी बट नीट पाहिली. पुढे जायच्या आधी बट थोडी मागे वळे, आणि जिथे मागे वळे तिथेच तिला जोर मिळे. ते वळण ओळखून तिने फणी घातली, आणि गुंता आपला आपण सुटत गेला. ऊन कलले, पुन्हा वर आले. फणी माथ्यावर पोचली तेव्हा राक्षशीण डोळे मिटून बसली होती.

"माझी आई असे विंचरायची," ती म्हणाली. "जा. हवे तेवढे बघून घे."

सुवेलेने मेण तळव्यांत मऊ केले आणि केसांचे ते वळण मेणात उतरवले.

"दुसरे कुठे आहे?" तिने खंड्याला विचारले.

"कृष्णकेतूच्या गुहेत. तिथे नदीचा ओघच ठेवला आहे. पण ते शापाचे धन आहे. हात लावील त्याचा दगड होतो."

गुहेच्या तोंडाशी एक वृद्ध नाग पहारा करत होता. "पाहायला बंदी नाही," तो म्हणाला आणि बाजूला सरला. आत सोन्यानाण्यांचे ढीग होते. ढिगांच्या मधून, गुहेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, निळ्या शेल्यासारखा ओघ सरकत होता. तो कुठून येतो आणि कुठे जातो ते दिसत नव्हते. त्याच्या दोन्ही बाजूंना राजपुत्र, चोर आणि जादूगार हात पुढे करून उभे होते. सगळे दगडाचे.

सुवेला ओघापाशी बसली. आतून आवाज येत होते. धुणे आपटल्याचा आवाज, पोरांचा कल्ला, बायकांचे हसणे. त्या हसण्यात तिला आईचे हसणे ओळखू आले. मग वल्ह्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बापाची हाक, लांबून, पाण्यावरून यावी तशी: "सुवेले, आलो गं."

तिचा हात आपोआप पुढे गेला. हा ओघ उचलावा, पदरात घ्यावा, धावत नदीवर जावे, एवढेच तिच्या मनात उरले. करंगळीचे टोक निळाईला लागले आणि लगेच दगडाचे झाले. त्या वजनाने ती भानावर आली. तिने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

मग ती नुसती बघत बसली. बघता बघता तिच्या लक्षात आले, की शेल्यातली निळाई पुढे जाते, पण शेल्याची चुणी जिथल्या तिथे राहते. पाणी जाते आणि लाटेची जागा राहते. हे तिने लहानपणी घाटावर पाहिले होते आणि ती विसरून गेली होती. उरलेल्या मेणातला अर्धा भाग घेऊन तिने ती चुणी घडवली. दगडाच्या करंगळीने तिची कड घासून गुळगुळीत केली.

निघताना नाग म्हणाला, "आजवर इथून कुणी चालत बाहेर गेले नाही."

"माझे मन अजून आतच आहे," सुवेला म्हणाली.

ती घाटावर आली तेव्हा राजा पायऱ्यांवर बसून होता. नदीचा अर्धा पट दगडाचा झाला होता. सुवेलेने केसांचे वळण नदीपुढे धरले. नदीच्या अंगावर शहारा आला आणि गेला. तिने शेल्याची चुणी धरली. या काठापासून त्या काठापर्यंत एक रेघ उमटली आणि पुसली गेली. मग सगळे पहिल्यासारखे.

"नदी काय म्हणते?" सुवेलेने विचारले.

खंड्याने पाण्याकडे कान लावला. "म्हणते, हे केस आहेत, हा शेला आहे. यात मी कुठे आहे?"

"तिसरी जागा सांग."

"ती मी दाखवणार नव्हतो. तू ज्या बाजूला बघत नाहीस, तिकडे बघ."

सुवेला होडीकडे पाठ करून बसून राहिली. राजा हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्यामुळे हे झाले. तुला तिकडे जायला सांगायचा मला अधिकार नाही."

"मला कुणी सांगायला नको होते, महाराज. मीच जायला हवे होते," ती म्हणाली आणि उठली.

ती पाण्यावर उतरली. वाटेत एक मासा उडीच्या मध्यावर अडकला होता. पुढे होडी होती. बाप कमरेपर्यंत दगडाचा झाला होता, आणि त्याच्या तोंडावर इतकी धूळ बसली होती की नाकडोळे दिसत नव्हते. सुवेलेने पदराने ती हळूहळू पुसली. धुळीखालून तिच्याहून लहान असलेला एक माणूस बाहेर आला. तिने फणी काढली आणि त्याचे केस विंचरले, आईसारखे.

मग ती समोर बसली आणि तिने त्याच्याकडे पाहिले. एक टाच उचललेली. भार पुढच्या पायावर. कंबर एका अंगाला वळलेली, खांदा तिच्यामागून निघालेला, खांद्यामागून कोपर आणि कोपरामागून वल्हे. वल्ह्यावर पाणी चढलेले आणि झालरीसारखे सुटू पाहणारे. बंडी पाठीवर फुगलेली. त्याच्या टाचेपासून पाण्याच्या त्या झालरीपर्यंत सगळे अंग एकाच ओढीने धावत होते, कुठेही तुटत नव्हते. आणि ती ओढ घाटाच्या पायरीकडे होती, जिथे लहानपणी ती उभी होती. त्याचे डोळे अजून तिथेच लागले होते. ओठ हाक मारण्यापुरते उघडले होते.

इतकी वर्षे ती त्याला थांबलेला समजत होती. तो थांबलेला नव्हता. तो येत होता.

तिने केसांचे वळण आणि शेल्याची चुणी, दोन्ही डबीतून काढली. किती सुरेख झाली होती ती. तिने दोन्ही एकत्र मळली, त्यात उरलेले मेण घातले आणि नवा आकार करायला घेतला. माणूस, वल्हे आणि पाणी, तिन्हींचा मिळून एकच आकार. ती कामात असताना दगड भीवाच्या छातीपर्यंत चढला, मग खांद्यापर्यंत. तिने वर पाहिले नाही. हात हलत राहिले. शेवटची झालर सोडवून तिने तो आकार होडीपुढे पाण्यावर ठेवला.

आधी काहीच झाले नाही. मग वल्ह्यापाशी एक थेंब सुटला.

तो थेंब पडल्याचा आवाज घाटावरच्या सगळ्यांनी ऐकला. त्या आवाजामागून दुसरा आला, मग मोजता येणार नाहीत इतके. नदीच्या अंगावरून दगड कवचासारखा तडकत गेला. उडीत अडकलेला मासा पाण्यात पडला. भीवाने हाती घेतलेले वल्हे पुरे मारले, होडी पुढे गेली, आणि सुवेलेच्या पायांखाली पाणी पाणी झाले. ती त्यात बुडू लागली, तेवढ्यात एका घट्ट हाताने तिचे मनगट धरले आणि तिला होडीत ओढून घेतले.

"जपून, मावशी," भीवा म्हणाला. "तुम्ही मध्येच कुठून आलात?"

सुवेलेने होडीची कड धरली. तो घाटाकडे बघत होता.

"माझी पोर तिथे उभी होती," तो म्हणाला. "आत्ता होती. कुठे गेली?"

"ती इथे आहे, बाबा."

त्याने वळून तिच्याकडे पाहिले. पांढरे केस पाहिले, हातांवरचे मेण पाहिले, डोळे पाहिले. होडी धारेला लागून हलकेच फिरू लागली, तरी त्याने वल्हे उचलले नाही.

"किती दिवस झाले?" त्याने विचारले.

"बरेच झाले."

"आणि सरसा?"

सुवेलेने मान खाली घातली. आसवे तिच्या गालांवरून ओघळली आणि हनुवटीवरून होडीत पडली. भीवाने ते पाहिले.

"तू मधोमध बस," तो काही वेळाने म्हणाला. "होडी कलते." मग त्याने वल्हे घेतले आणि आपल्या लेकीला घाटाला नेले.

राज्याची घडी पुन्हा बसली. खळ्यांवर वारा आला, कोंडा उडाला आणि दाणे राशीला पडले. ओताऱ्यांच्या भट्ट्यांतून पितळेची धार निघाली. गुहेतले राजपुत्र आणि चोर हात खाली घेऊन आपापल्या घरी गेले. वावधाणी राक्षशिणीचे केस डोंगरभर मोकळे उडू लागले. खंड्याने सूर मारला आणि त्याचा रंग परत आला. राजा महीपालाने नदीत उतरून हात जोडले. पुढच्या पावसाळ्यात पूर आला, तेव्हा त्याने काठच्या लोकांना टेकडीवर घरे बांधून दिली आणि नदीला काही म्हटले नाही. शिल्पकार घाटावर बसून लाटा बघू लागले, आणि देवळांतल्या नव्या मूर्तींच्या कमरा किंचित वळल्या.

आणखी एक गोष्ट नदी सुटली त्याच आठवड्यात घडली. नदी थांबली होती तेवढ्या वर्षांत जी माणसे गेली, त्यांच्या अस्थी सोडायला कुणाकडे वाहते पाणी नव्हते. घरोघरच्या झाडांना फडक्यांत बांधलेली मडकी टांगलेली होती. आता ती सगळी खाली उतरली. आपापले मडके छातीशी धरून लोक घाटावर आले, आणि भीवाने एकेकाला होडीतून धारेपर्यंत नेले. सगळ्यांचे झाल्यावर त्याने सुवेलेला हात देऊन होडीत घेतले.

दोघे धारेत गेली. त्याने मडक्याचे फडके सोडले, पण पुढे त्याचा हात धजेना. तिने आपला हात त्याच्या हाताखाली धरला. मग दोघांनी मिळून सरसेला शीघ्रेच्या स्वाधीन केले. राखेची एक फिकट रेघ पाण्यावर उमटली. ती थोडी मागे वळली आणि पुढे निघाली.

"लोक सांगतात, रोज यायची ती?" भीवाने विचारले.

"रोज यायची. तुमच्या कानात काहीबाही सांगायची."

"काय सांगायची?"

सुवेलेने आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. गाईला कालवड झाली ते, भिंत पडली ते, पोर छिन्नी मागते आहे ते. भीवा ऐकत राहिला. होडी वल्ह्याविना पाण्याबरोबर चालली होती, आणि परतायची दोघांनाही घाई नव्हती.

त्या राज्यातली माणसे ही गोष्ट अशीच सांगतात. ऐकणाऱ्यांच्या घरचे पाणी वाहते राहो, आणि वाटेवर असतील ती माणसे घरी पोचोत.